जवळचे गाव कोणते?

बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असे आपल्या आया-आज्या म्हणत असत. हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलेले आहे की त्याच्या अर्थाकडे आपले लक्षच जात नाही. दुसरा जन्म म्हणायचा तर आधी मरणाच्या दारापर्यंत जाऊन यावे लागते. जी परत आली तिला डिंकाचे लाडू व शेकशेगडी. जी परत आली नाही तिच्याबद्दल चार बायका हळू आवाजात म्हणत, “तिचे तेवढेच आयुष्य होते.”

या लेखात मला वाचकांपुढे एकच प्रश्न मांडायचा आहे. बाळंतपणात बाई मरते तेव्हा तिला कोणी मारलेले नसते. कोणाचा तसा हेतू नसतो, कोणी हात उगारलेला नसतो. मग अशा मृत्यूचा जाब कोणी द्यायचा? कोणीच नाही, असे म्हणून आपल्याला मोकळे होता येते काय?

प्रश्न फार जुना आहे. आपली माता राहेल बेथेलहून एफ्राथकडे जात असता वाटेतच तिला कळा सुरू झाल्या. सुईण जवळ होती. तिने धीर दिला, याही वेळी मुलगाच आहे असे सांगितले. पण राहेल वाचली नाही. बेथलेहेमच्या वाटेवरची तिची कबर आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. त्या सुईणीला आपण दोष देत नाही आणि देऊही नये. धीर देण्यापलीकडे तिच्या हाती काही नव्हते, आणि त्या काळी जगात कोणाच्याच हाती काही नव्हते. राहेलच्या मृत्यूला दैव म्हणणे योग्यच आहे.

आज मात्र तसे म्हणणे कठीण झाले आहे. बाळंतिणी कशाने मरतात हे वैद्यकशास्त्राला आता नीट ठाऊक आहे. बाळ जन्मल्यावर न थांबणारा रक्तस्राव हे सर्वांत मोठे कारण. त्याशिवाय रक्तदाब वाढून येणारे झटके, जंतुदोषाचा ताप, अडलेले बाळंतपण आणि असुरक्षित गर्भपात. यांतील प्रत्येकावर उपाय आहे आणि बरेचसे उपाय स्वस्त आहेत. रक्तस्राव रोखायला ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन आहे. झटक्यांवर मॅग्नेशियम सल्फेट नावाचा साधा क्षार आहे. ३३ देशांतील सुमारे १०,००० स्त्रियांवर केलेल्या व २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असे दिसून आले की, वेळेवर हा क्षार दिला तर झटके येण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो. जंतुदोषावर प्रतिजैविके आहेत. अडलेल्या बाईसाठी शस्त्रक्रिया आहे.

आणि तरीसुद्धा संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांच्या अंदाजानुसार २०२३ या एका वर्षात सुमारे २,६०,००० स्त्रिया गरोदरपणात, बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या काही दिवसांत मरण पावल्या. म्हणजे दिवसाला सातशेहून अधिक. त्यांतील शेकडा ९२ मृत्यू गरीब व निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांत झाले. आपल्या इस्राएलमध्ये लाख जन्मांमागे पाच आयाही दगावत नाहीत. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत सरासरी चारशेहून अधिक दगावतात. वाचकहो, दैव असे देश पाहून येत नसते.

मी लहान असताना, कुलाबा जिल्ह्यातील आमच्या खाडीकाठच्या गावी शेजारची एक बाई अडली होती. (त्या जिल्ह्याला १९८१ पासून रायगड म्हणतात, पण आमच्या तोंडी अजून कुलाबाच येते.) सुईण अनुभवी होती. तिने दिवेलागणीलाच सांगितले की, हे माझ्या हातचे नाही, हिला तालुक्याला न्या. नवरा मुंबईला गिरणीत कामाला. घरातली मोठी माणसे म्हणाली, सकाळपर्यंत वाट पाहू. पहाटे तिला झोळीत घालून खाडीवर नेले तेव्हा ओहोटी लागलेली, होडी चिखलात रुतलेली. भरती येईपर्यंत सगळे किनाऱ्यावर बसून राहिले. पलीकडे दवाखाना गाठला तर तिथे रक्त नव्हते. दुपारी तिला परत आणली ती पांढऱ्या चादरीत. यांतले एकही माणूस वाईट नव्हते. सासू तर पुढे वर्षभर रडत होती. गावाने मात्र एका वाक्यात निकाल दिला: सटवीने कपाळी लिहिलेले टळत नाही.

या वाक्याची मी थट्टा करीत नाही. दुःखी माणसाला त्याने आधार मिळतो. ज्या सासूने सकाळपर्यंत थांबू म्हटले, तिला पुढे जगायचे तर असे काहीतरी वाक्य लागतेच. पण या वाक्यात एक धोका आहे. ते विचारणे थांबवते. होडी ओहोटीत का अडकते, रात्रीचा निर्णय घ्यायला नवरा का लागतो, दवाखान्यात रक्त का नसते, हे कोणी विचारले नाही. म्हणून पुढच्या बाईच्या वेळी खाडी, घर आणि दवाखाना जिथल्या तिथेच होते.

पुष्कळ वर्षांनी, १९९४ साली, सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन अभ्यासक स्त्रियांनी बाळंतिणींच्या मृत्यूंवर एक निबंध लिहिला. त्यांनी सांगितले की बाई तीन प्रकारच्या उशिरांमुळे मरते. मदत घ्यायची हे ठरवण्यात उशीर, मदतीपर्यंत पोचण्यात उशीर, आणि पोचल्यावर उपचार मिळण्यात उशीर. आज जगभर आरोग्य कर्मचाऱ्यांना हे तीन उशीर शिकवले जातात. आमच्या शेजारणीच्या वाट्याला तिन्ही आले होते.

तर अशा मृत्यूला गुन्हेगार नाही, पण कारणे आहेत. मग जाब कोणाचा? या ठिकाणी मला तोरातील एक विलक्षण नियम आठवतो. अनुवादाच्या एकविसाव्या अध्यायात तो आहे. उघड्या माळावर एखादे प्रेत सापडले आणि मारणारा कोण हे कळत नसले, तर वडीलजनांनी व न्यायाधीशांनी तेथे जायचे आणि प्रेतापासून आजूबाजूच्या गावांचे अंतर मोजायचे. जे गाव सर्वांत जवळचे ठरेल त्या गावच्या वडीलजनांनी कालवड घेऊन वाहत्या ओढ्यापाशी यायचे, तिथे हात धुवायचे, आणि हे रक्त आमच्या हातांनी सांडलेले नाही असे सर्वांसमक्ष म्हणायचे.

आपल्या पूर्वीच्या विद्वानांना यात एक अडचण दिसली. गावच्या वृद्ध, प्रतिष्ठित माणसांवर खुनाचा संशय तरी कोण घेईल? मग त्यांच्याकडून हे का म्हणवून घ्यायचे? मिश्नामध्ये याचे जे उत्तर दिले आहे त्याचा आशय असा की, हा वाटसरू आमच्याकडे आला असता आम्ही त्याला उपाशी पाठवले नाही, त्याला पाहिले असता सोबतीवाचून जाऊ दिले नाही, एवढे वडीलजनांना म्हणता आले पाहिजे. म्हणजे हात धुण्याआधी त्यांना आपल्या मनाशी हिशेब करावा लागे. आपल्या गावाच्या वेशीवर अन्न होते काय? सोबत होती काय?

मी शाळेत शिकवीत असताना मुलांना सांगत असे की दोष आणि जबाबदारी हे दोन शब्द एकच नाहीत. वरच्या नियमात हा भेद स्पष्ट आहे. वडीलजनांवर कोणी दोष ठेवत नाही, आणि तरीही त्यांना घरी बसता येत नाही. त्यांना त्या जागी जाऊन उभे राहावे लागते, अंतर मोजावे लागते, उत्तर द्यावे लागते. दोष मागे पाहतो व माणूस शोधतो. जबाबदारी पुढच्या वाटसरूचा विचार करते.

हा भेद नुसता पुस्तकी नाही. त्यावर जीव वाचतात किंवा जातात, याचे उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात आहे. व्हिएन्नाच्या मोठ्या इस्पितळात १८४० च्या दशकात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर व विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यात सुईणी. १८४६ साली डॉक्टरांच्या विभागात शंभरांतल्या सुमारे अकरा बाया सूतिकाज्वराने मेल्या, सुईणींच्या विभागात तीनही नाहीत. बाया पहिल्या विभागात नेऊ नका म्हणून पाया पडत. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टराने ही तफावत डोळ्यांआड केली नाही. त्याला आढळले की, डॉक्टर प्रेतांची चिरफाड करून तसेच बाळंतिणीकडे येतात. १८४७ च्या मे महिन्यात त्याने त्यांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले. १८४८ साली त्या विभागातले मृत्यू शंभरांत सुमारे एकावर आले. हात धुण्याने जबाबदारी झटकता येते, तशी ती पारही पाडता येते!

परंतु पुढे काय झाले? बहुतेक मोठ्या डॉक्टरांनी त्याचे ऐकले नाही. आपल्याच हातांनी आपण इतक्या आयांना मारले हे कबूल करणे त्यांना शक्य नव्हते. सेमेलवाइसने संतापून त्यांना उघड पत्रे लिहिली व त्यांना खुनी म्हटले. ती माणसे अधिकच हटून बसली. १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात त्याचा अंत झाला. तो खरा होता, पण खुनी हा शब्द ऐकताच माणसाचे कान बंद होतात, हेही तितकेच खरे आहे.

याच्या उलट एक रीत इंग्लंड व वेल्समध्ये १९५२ साली सुरू झाली. बाळंतपणात दगावलेल्या प्रत्येक बाईच्या मृत्यूची चौकशी करायची, परंतु बाईचे नाव, डॉक्टराचे नाव, इस्पितळाचे नाव गुप्त ठेवायचे. विचारायचे ते एवढेच, की काय निराळे केले असते तर ही वाचली असती? शिक्षेची भीती नसल्याने डॉक्टर व सुईणी खरे बोलू लागल्या आणि त्यातून निघालेले धडे सगळ्या देशात शिकवले गेले. ही चौकशी तिथे आजही चालू आहे. जिथे प्रत्येक मृत्यूमागे एखाद्या नर्सला निलंबित करतात, तिथे नर्स पुढच्या वेळी अत्यवस्थ बाईला दुसऱ्या इस्पितळाकडे ढकलते, म्हणजे मृत्यू आपल्या वहीत नको. दोष वाढला की सत्य लपते.

श्रीलंकेचे उदाहरण याहून बोलके आहे, कारण तो देश श्रीमंत नव्हता. १९३० च्या दशकात तेथे लाख जन्मांमागे हजाराहून कितीतरी अधिक आया मरत. त्यांनी गावोगाव शिकलेल्या सुईणी नेमल्या, दवाखाने फुकट ठेवले, मुलींना शाळेत घातले, आणि प्रत्येक बाळंतिणीच्या मृत्यूची नोंद व चौकशी होईल असे पाहिले. आज तेथील प्रमाण लाखामागे चाळिसाच्या खाली आहे. पैसा नाही म्हणून आया मरतात, असे जे म्हणतात त्यांनी श्रीलंकेकडे पाहावे. आणि पैसा असला की आया वाचतात असे ज्यांना वाटते त्यांनी अमेरिकेकडे पाहावे. तेथे २०२३ साली काळ्या आयांच्या मृत्यूचे प्रमाण गोऱ्या आयांच्या तिपटीहून अधिक होते.

या संदर्भात आपल्या समाजातील एका थोर स्त्रीची आठवण करून देणे मला आवश्यक वाटते. डॉ. जेरुशा झिराड यांचे नाव जुन्या वाचकांना सांगायला नको. मुंबईचे कामा इस्पितळ, जे १८८६ पासून स्त्रिया व मुलांसाठी चालू आहे, त्याच्या त्या १९४७ पर्यंत प्रमुख होत्या. पुढे भारत सरकारने १९६६ साली त्यांना पद्मश्री दिली. आपल्यातील पुष्कळांच्या घरी कोणी ना कोणी त्यांच्या देखरेखीखाली जन्मले असेल. पण त्यांच्या ज्या कामाची चर्चा कमी होते ते असे की, मुंबई शहरात बाळंतिणी का मरतात याची त्यांनी पद्धतशीर चौकशी केली आणि तिचा अहवाल १९४१ साली सरकारने छापला. इंग्लंडच्या १९५२ च्या चौकशीआधी अकरा वर्षे! शहरातले लोक दैव म्हणून सोडून देत होते त्या वेळी या बाईने वही उघडली आणि का, म्हणून विचारले. प्रेताजवळ जाऊन अंतर मोजणे ते हेच.

आता मोजण्याबद्दलच एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. मोजणे दोन प्रकारचे असते. एक, माणूस गमावला म्हणून मोजणे. दुसरे, कोटा भरायचा म्हणून मोजणे. भारतात आणीबाणीच्या काळात, १९७६-७७ या एका वर्षात, ऐंशी लाखांहून अधिक लोकांची नसबंदी झाली आणि त्यांतील अनेकांवर सक्ती झाली, हे आपल्यातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. तेव्हा शिक्षकांनासुद्धा माणसे आणण्याचे आकडे ठरवून दिलेले असत. पुढे २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये छत्तीसगडमधील बिलासपूरजवळ एका शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया उरकण्यात आल्या. त्यांतील व त्याच सुमाराच्या इतर शिबिरांतील मिळून तेरा स्त्रिया तरी मेल्या. हेसुद्धा आरोग्याच्या नावानेच चालले होते. तिथे बाई मोजली गेली, पण तिला कोणी विचारले नाही.

१९९४ साली कैरो येथे १७९ देशांची परिषद भरली. लोकसंख्येचे आकडे हे साध्य नव्हे. बाईला किती मुले हवीत, केव्हा हवीत, हे तिने स्वतः ठरवावे आणि तिचे आरोग्य हा तिचा हक्क मानावा, असे तेथे ठरले. कागदावर ठरले ते सगळीकडे आचरणात आले असे नाही. तरी दयेची भाषा जाऊन हक्काची भाषा आली, हा फरक लहान नाही. दया दाखवणाऱ्याला आपण आभार देतो. हक्क बुडवणाऱ्याला जाब विचारतो.

आपल्या महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग यांनी याच्याही आधी हे करून दाखवले होते. त्यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. शंभरातील ९२ बायांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होते आणि शंभरातील फक्त ८ जणींना पूर्वी कधी त्यासाठी उपचार मिळाले होते. तोवर सरकारच्या दृष्टीने खेड्यातील बाई म्हणजे पुढचे मूल थांबवण्याची जागा. तिला स्वतःला काही दुखते का, हे कोणी विचारलेच नव्हते.

जगाच्या पातळीवर या विषयाकडे लक्ष वळले ते फार उशिरा. १९८५ साली अ‍ॅलन रोझेनफील्ड व डेबोरा मेन यांनी ‘लॅन्सेट’मध्येच विचारले की, माता व बालआरोग्याच्या कार्यक्रमांत माता कुठे आहे? सगळी धडपड बाळासाठी चालली होती. त्यानंतर १९८७ साली नैरोबीत परिषद भरून सुरक्षित मातृत्वाची मोहीम सुरू झाली. २००० साली राष्ट्रांनी ठरवले की, १९९० च्या मानाने मातांचे मृत्यू २०१५ पर्यंत तीन-चतुर्थांशाने कमी करायचे. प्रत्यक्षात ते सुमारे ४४ टक्क्यांनी कमी झाले. आता २०३० पर्यंत लाख जन्मांमागे ७० च्या खाली जाण्याचे उद्दिष्ट आहे. २०२३ साली आकडा १९७ होता. परीक्षक म्हणून मी या निकालाला नापास म्हणेन, पण पेपर कोरा म्हणणार नाही. २००० साली हाच आकडा ३२८ होता. भारतात २००४-०६ मध्ये २५४ होता, तो २०१८-२० मध्ये ९७ झाला. त्यातही केरळात १९, महाराष्ट्रात ३३ आणि आसामात १९५. म्हणजे लाखो आया आज आपल्या मुलांना वाढवत आहेत, ज्या जुन्या हिशेबाने गेल्या असत्या.

मात्र उपाय सापडणे व तो बाईपर्यंत पोचणे यांत किती अंतर पडते याची एक गोष्ट सांगतो. जपानमध्ये डॉ. उताको ओकामोतो यांनी आपले पती शोसुके यांच्याबरोबर १९६० च्या दशकात ट्रॅनेक्झामिक आम्ल हे रक्तस्राव थांबवणारे औषध शोधले. बाळंतिणींवर ते वापरून पाहावे ही त्यांची इच्छा होती, पण डॉक्टर राजी झाले नाहीत. अखेर २१ देशांतील २०,००० स्त्रियांवर मोठी चाचणी झाली व २०१७ साली निकाल आला. बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत दिल्यास रक्तस्रावाने होणारे मृत्यू जवळजवळ एक-तृतीयांशाने कमी होतात. निकालाच्या आदल्याच वर्षी ओकामोतोबाई वारल्या होत्या. औषध पन्नास वर्षे कपाटात होते. त्या पन्नास वर्षांत रक्तस्रावाने गेलेल्या आयांचे आयुष्य ‘तेवढेच’ होते असे कोण म्हणेल?

आता वाचक विचारतील की, हे सगळे खरे, पण याचा आपल्याशी काय संबंध? नियमाप्रमाणे जाब सर्वांत जवळच्या गावाचा. आपण तर हजारो मैलांवर, अश्दोदला, लोदला, बेर-शेव्याला बसलो आहोत. हा आक्षेप खोटा नाही. सर्वांची जबाबदारी म्हटली की ती कोणाचीच राहत नाही, हे आपण समाजाच्या कामांतही पाहतो. सर्वांत आधी जाब त्या बाईच्या घराचा, मग गावाचा, मग सरकारचा, आणि मगच दूरच्यांचा. हा क्रम मला मान्य आहे.

परंतु माझे म्हणणे असे की, जवळचे गाव हे नुसते दोरीने मोजून ठरत नाही. वडीलजनांना विचारलेला प्रश्न अन्नाचा आणि सोबतीचा होता. त्या वाटसरूला हवे होते ते कोणाच्या घरी होते? ज्याच्या घरी होते ते गाव जवळचे. बाईला हवे असलेले रक्त, इंजेक्शन, सुईण किंवा गाडी ज्याच्याजवळ आहे आणि ज्याच्याकडून ती पोचू शकते, तो तिच्यापासून कितीही मैलांवर असो, जवळच आहे. राहेलच्या काळी असे गाव पृथ्वीवर नव्हते. आज आहे, आणि हाच काय तो फरक.

आपण स्वतःही कधी काळी त्या माळावरचे वाटसरू होतो. आपली माणसे पन्नासच्या दशकात येथे आली तेव्हा तंबूंत व पत्र्याच्या घरांत राहिली. या देशाने १९५४ पासून बाळंतपणाचे अनुदान सुरू केले ते मुख्यतः आयांनी इस्पितळात बाळंत व्हावे म्हणून. टिपत खलावच्या नर्सा दारोदार येत. आपल्या आयांनी ते मागितले नव्हते. कोणीतरी अंतर मोजले होते. भारताने २००५ साली जननी सुरक्षा योजना काढली तिच्यातही तोच विचार आहे.

२०२५ साली अमेरिकेने परदेशांना देण्यात येणाऱ्या मदतीचा मोठा भाग बंद केला, इतर काही श्रीमंत देशांनीही हात आखडते घेतले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी इशारा दिला की, दवाखाने बंद पडत आहेत, सुईणी कमी होत आहेत, औषधांचा पुरवठा तुटतो आहे आणि वीस वर्षांची कमाई हातची जाईल. म्हणून हा प्रश्न नुसता तत्त्वज्ञानाचा नाही. काही गावे अंतर मोजण्याची दोरीच गुंडाळून ठेवत आहेत.

आणि दूर तरी कोण आहे? आपल्या समाजातील कितीतरी घरांत म्हाताऱ्या आई-बाबांची शुश्रूषा करायला नेपाळहून, श्रीलंकेहून, फिलिपिन्सहून, केरळातून आलेल्या बाया आहेत. त्या आपल्या आईला न्हाऊ घालतात, औषध देतात, रात्री उठतात. नेपाळात २०२१ च्या जनगणनेप्रमाणे लाख जन्मांमागे १५१ आया मरत होत्या. आपल्या आईला सांभाळणाऱ्या त्या बाईची बहीण किंवा सून तिकडे डोंगरात बाळंत होत असेल. तिला तुम्ही कधी विचारले आहे काय, की तुमच्याकडे दवाखाना किती लांब आहे? गाडी मिळते का? कोणाला चार पैसे आधी हवे आहेत का? निदान तेवढे अंतर आपल्याला आपल्या स्वयंपाकघरात बसून मोजता येईल.

मी कोणाला दोषी ठरवण्यासाठी हे लिहीत नाही. अपराधाची भावना माणसाला खाली मान घालायला लावते, आणि खाली मान घातलेल्या माणसाला समोरची वाट दिसत नाही. सर्व काळजी घेऊनही काही बाळंतिणी जातील. शास्त्र अजून सर्वज्ञ नाही, आणि त्या घरी जाऊन आपण दैवाचे नाव घेऊन सांत्वन करू. पण दैव हा शब्द सर्वांत शेवटी उच्चारायचा आहे. आधी त्या जागी जायचे, अंतर मोजायचे, तिला काय हवे होते आणि ते कोणाजवळ होते हे विचारायचे. एवढे केल्यावरच वडीलजनांना हात धुण्याचा अधिकार येतो.